अव्वाच्या हाताचं चित्र

शिवलीला तोडकरी लहान होती, नुकती शाळेत जायला लागलेली, तेव्हा तिनं एका हिरोची अर्धी मिशी रंगवली. हिरो बॅनरवरचा होता, आणि बॅनर सोलापुरात बाळीवेशीतल्या त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत जमिनीवर अंथरलेला होता. तिचे वडील ईश्वरप्पा गावातल्या सिनेमा थिएटरांसाठी असे बॅनर रंगवायचे. हातात मावेल एवढा फोटो घ्यायचा, त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तशाच चौकटी खडूनं कापडावर मोठ्या करून आखायच्या, आणि मग एकेका चौकटीतून तो चेहरा खोलीएवढा वाढवत न्यायचा. त्या दिवशी मिशीची एक बाजू झाली आणि थिएटरवाल्याचा निरोप आला म्हणून ते उठून गेले. परत आले तर दुसरी बाजूही झालेली. पोरगी ब्रश घेऊन शेजारी उकिडवी बसली होती.

ईश्वरप्पांनी मिशी खालून वरून बघितली.

"कुठल्या हातानं केलंस?"

तिनं डावा हात वर केला.

तिची आई काशम्मा दारातून हे बघत होत्या. डाव्या हातानं खायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, यासाठी त्या पोरीच्या मागं किती लागल्या होत्या, ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्या काही बोलणार तेवढ्यात ईश्वरप्पा म्हणाले, "जेवायचं उजव्यानं. ब्रश डाव्या हातात धरायचा." त्या घरात हा नियम त्या दिवसापासून लागू झाला तो आजतागायत.

हे मला शिवलीलानंच सांगितलं. आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर बसायचो. सुरुवातीला लिहिताना तिचं डावं कोपर आणि माझं उजवं कोपर सारखं एकमेकांवर आपटायचं, वही खराब व्हायची, भांडणं व्हायची. मग एक दिवस तिनंच आमच्या जागा बदलल्या आणि कोपरं मोकळी झाली. अडचण आली की ती अशीच गप्प राहून बघायची आणि मग काहीतरी हलवायची.

वर्गातली पोरं तिला "डावरी" म्हणून चिडवायची. आमचे चित्रकलेचे बिराजदार सर होते, त्यांच्या कानावर ते गेलं. पुढच्या तासाला त्यांनी चित्र काढायला सांगितलंच नाही. टेबलाला टेकून गोष्ट सांगायला लागले. म्हणाले, पाचशे वर्षांपूर्वी इटलीत विंची नावाच्या गावाजवळ एक मुलगा जन्मला, लिओनार्दो. डावखुरा. डाव्या हातानं उजवीकडून डावीकडं लिहायचा, ते वाचायचं तर आरशात धरावं लागायचं. लहानपणी एका चित्रकाराकडं कामाला राहिला, रंग घोटता घोटता शिकला. पुढं मोठमोठ्या सरदारांच्या, राजांच्या पदरी राहिला. त्यानं पूर्ण केलेली चित्रं थोडी, अर्धवट सोडलेली बरीच. पण वाहतं पाणी, घोड्याचे पाय, पाखराचे पंख, माणसाच्या कातडीखालचे स्नायू, जे दिसेल ते कागदावर काढत राहिला. आणि यंत्रं काढली. पाणी उपसायची, ओझं उचलायची, उडायचीसुद्धा.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, मग तो पेंटर होता का इंजिनिअर?"

"तो बघायचा," सर म्हणाले. "बघितलेलं नीट कळावं म्हणून काढायचा. आणि कळलं की त्यातून काहीतरी करून बघावं असं त्याला वाटायचं."

त्या दिवसानंतर वर्गात तिचं नाव लिओ पडलं. चिडवणारीच पोरं ते नाव घ्यायची, पण आता त्यात वेगळाच रुबाब होता.

तिनं ती गोष्ट फारच मनावर घेतली. आठवीच्या गॅदरिंगला तिनं पंख केले. मोडक्या छत्र्यांच्या काड्या आणि अप्पांच्या जुन्या बॅनरचं कापड. एका पंखावर कुठल्यातरी हिरॉईनचा डोळा आला होता. दोरी ओढली की पंख उघडायचे, सोडली की मिटायचे. स्टेजवर तिनं दोरी ओढली, पंख भाऽर्रकन उघडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मिटताना मात्र एक काडी पडद्यात अडकली, आणि मखमली पडदा दांड्यासकट पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या डोक्यावर येऊन पडला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. शिवलीला स्टेजमागं जाऊन रडत बसली. मी शेजारी बसले होते. बिराजदार सर तिथं आले आणि पायऱ्यांवरच टेकले.

"लिओनार्दोचं यंत्र तर उडालंच नाही," ते म्हणाले. "तुझं निदान उघडलं तरी. त्यानं एका सरदारासाठी वर्षानुवर्षं खपून मातीचा अवाढव्य घोडा केला होता. तो धातूत ओतायचा होता. लढाई आली, धातू तोफांना गेला. शत्रूच्या सैनिकांनी त्या घोड्यावर बाण मारायची प्रॅक्टिस केली."

"मग त्यानं काय केलं?" शिवलीलानं नाक पुसत विचारलं.

"दुसरं काहीतरी काढायला घेतलं."

आम्ही दहावी झालो त्या सुमाराला गावात फ्लेक्स आले. थिएटरवाल्यानं ईश्वरप्पांना चहा पाजला आणि सांगितलं, आता बॅनर पुण्याहून छापूनच येतात. थोडे दिवस दुकानांच्या पाट्या मिळाल्या, रिक्षांच्या मागची नावं मिळाली, मग तेही थांबलं. ईश्वरप्पांनी सगळे ब्रश रॉकेलनं स्वच्छ धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. रोज सकाळी ते सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसायचे, जेवायच्या वेळेला परत यायचे. त्या माणसाची बडबड पूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची. आता घरात ते आहेत का नाहीत, तेही कळायचं नाही.

घर काशम्मांच्या खांद्यावर आलं, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. त्या शेंगाची चटणी करायच्या. शेंगदाणे भाजायचे, साल काढायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून दगडी उखळात लाकडी मुसळानं कुटायचं, कुटत राहायचं, तेल सुटून चटणी चकाकायला लागेपर्यंत. सोलापुरात ही चटणी घरोघरी होते आणि दुकानादुकानांत मिळते, तरी काशम्मांच्या चटणीसाठी लोक बाळीवेशीत यायचे. पुण्यामुंबईला जाणाऱ्यांच्या पिशवीत त्यांचा डबा असायचा.

शिवलीलाला चित्रकलेच्या कॉलेजला जायचं होतं. पण घरचं बघून तिनं आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरी धरली. तिथं कापडाच्या यंत्रांचे सुटे भाग तयार होत. ती त्यांची ड्रॉइंग काढायची. आधी बोर्डवर, पुढं कॉम्प्युटरवर. काम तिला आवडायला लागलं. एखादा भाग कापून आतून कसा दिसेल, ते डोळे मिटून बघता येतं, असं ती मला सांगायची. एकदा तिनं घरी एका गिअरबॉक्सचं मोठं ड्रॉइंग आणलं आणि कौतुकानं वडिलांपुढं पसरलं.

ईश्वरप्पांनी नुसती नजर टाकली. "ह्याला डोळे कुठायत?"

"अप्पा, मशीनला डोळे नसतात."

"मग हे चित्र नव्हे. हा नकाशा झाला."

तिनं ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं आणि परत कधी घरी आणलं नाही. बापलेकीत भांडण असं झालं नाही, पण बोलण्यासारखंही काही उरलं नाही. अशी बरीच वर्षं गेली. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर हसते, आणि विषय बदलते.

मग काशम्मांचा खांदा गेला. आधी वेणी घालताना हात वर जाईना, मग लुगड्याचा पदर सावरता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कुटणं बंद. पूर्ण बंद. काशम्मांनी मान डोलावली आणि घरी येऊन दुसऱ्याच दिवशी मुसळ उचललं. ते हातातून निसटलं, पायाच्या अगदी बाजूला पडलं. त्या दिवशी शिवलीलानं मुसळ उचलून कपाटामागं ठेवून दिलं.

मिरची कांडतात त्या डंकावर एकदा चटणी कुटून आणली. विजेवरचा डंक, धाडधाड चालणारा. चटणी झाली झटक्यात, पण तापून निघाली, आणि तिला एक कोरडा, जळका वास होता. एक म्हातारे गिऱ्हाईक होते, वर्षानुवर्षं चटणी नेणारे. त्यांनी बोटावर घेऊन चाखली आणि डबा हळूच परत ठेवला. "काशम्मा, ही तुमची नव्हे की," म्हणाले. रागानं नाही, वाईट वाटून.

ते गेल्यावर काशम्मा म्हणाल्या, "संपलं बघ यव्वा आता. ह्या हातात होतं तवर होतं."

बाकावरच्या कोपरांच्या वेळी बघत बसली होती तशीच शिवलीला त्या उखळाकडं बघत बसली असणार.

तिच्या कारखान्यात सयाजी नावाचा टर्नर होता, बार्शीकडच्या एका खेड्यातला. लोखंडाचं काही घडवायचं तर शिवलीला त्याच्याकडं जायची. सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून एक यंत्र उभं केलं. शिवणयंत्राचं जुनं स्टँड घेतलं, पायडलवालं. पायानं पायडल मारलं की चाक फिरायचं, चाकावरचा उंचवटा मुसळ वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. खांद्याचं काम पायांवर. वीज नको, घाई नको.

यंत्र घरी आणलं. काशम्मा पाटावर बसल्या, ईश्वरप्पा दारात. शिवलीलानं शेंगदाणे घातले आणि पायडल मारायला लागली. मुसळ ठपठप पडायला लागलं. थोड्या वेळानं बघितलं तर उखळाच्या मधोमध एक खड्डा पडलेला, खड्ड्यात शेंगदाण्याचा लगदा, आणि कडेला सगळे दाणे आख्खेच्या आख्खे.

काशम्मा म्हणाल्या, "ह्याला हात हाय, पण अक्कल न्हाय."

सयाजी खाली मान घालून हसला. शिवलीलाही हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. "अव्वा, तू कसं करायचीस ते सांग ना."

"कसं म्हंजे? कुटायची की."

"म्हणजे नेमकं काय करायचीस? मुसळ कुठं पडायचं?"

"आता ते काय बघून करतंय का कोण? हाताला माहीत असतंय."

तेव्हा दारातून ईश्वरप्पांचा आवाज आला. त्या घरात त्यांचा आवाज कुणी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"तिला बसव. मुसळ नको, नुसती हलकी काठी दे हातात. कुटल्यासारखं कर म्हणावं, हळू."

काशम्मांनी काठी घेतली. ईश्वरप्पांनी चुलीतला कोळशाचा तुकडा उचलला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर हात काढला. खांद्यापासून बोटांपर्यंत, काठी वर गेलेला. "थांबू नकोस," म्हणाले, आणि त्याच्या शेजारी दुसरा काढला, काठी थोडी खाली आलेला. मग तिसरा. काशम्मा हलत होत्या आणि ते भिंतीवरून सरकत होते. शिवलीला सांगते, अप्पांचा कोळसा भिंतीवर घासल्याचा आवाज ऐकताना तिला रडू यायला लागलं होतं, आणि आपण रडतो आहोत हे कुणाला दिसू नये म्हणून ती उखळ पुसत बसली.

भिंत भरली. कोळशाचे हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ईश्वरप्पा मागं सरकून बघत उभे राहिले, पूर्वी बॅनरपासून मागं सरकायचे तसे.

"ती मारत न्हाय," ते म्हणाले. "बघ, वरून इथवर हात ढिला हाय. ती सोडून देती. आणि एका जागी सोडत न्हाय. फिरत जाती, थोडं थोडं, गोल."

शिवलीला भिंतीजवळ गेली. खरंच होतं. काठीचं टोक प्रत्येक चित्रात किंचित बाजूला होतं. मुसळ फिरवत नेणं यंत्राला अवघड होतं. पण मुसळ जागेवर ठेवून उखळच थोडं थोडं फिरवलं तर? तिनं खिशातली पेन्सिल काढली आणि कोळशाच्या हातांच्या खालीच, भिंतीवर, दातेरी चाक काढलं. उखळाखाली ठेवायचं, प्रत्येक घावाला एक दात पुढं जाणारं.

ईश्वरप्पा ते चाक निरखून बघत राहिले. "हे इथं काय अडकतंय?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं. ती सांगत गेली. जेवायची वेळ टळून गेली तरी दोघं भिंतीपुढं उभे होते.

दगडी उखळ असं फिरवायला जड होतं, म्हणून लाकडाचं केलं. सयाजीनं दातेरी चाक घडवून दिलं. "ताई, लई नाजूक काम हाय ह्ये," तो म्हणाला, "पर जमलं की मजा यील." जमलं. दाणे सगळीकडून सारखे कुटले गेले, कडेला एकही आख्खा राहिला नाही. पण चटणी कोरडी, भुरभुरीत. तेल सुटेना. पायडल कितीही वेळ मारलं तरी नुसता कूट.

यावर बरेच दिवस गेले. शिवलीलानं मुसळाचं वजन वाढवून बघितलं, उंची वाढवून बघितली. काही फरक पडेना. मी त्या दिवसांत एकदा त्यांच्याकडं गेले होते. ती भिंतीपुढं बसून होती, नोकरीवरून आलेली, तोंडसुद्धा न धुतलेली.

"काय बघायलीस?" मी विचारलं.

"काहीतरी राहिलंय. ह्यातच आहे, पण दिसेना झालंय."

ईश्वरप्पा बाजूच्या बाजेवर बसले होते. ते उठून आले आणि अगदी खालच्या, काठी उखळाला टेकलेल्या हाताच्या चित्रावर बोट ठेवलं. "मनगट बघ."

"काय आहे मनगटात?"

"ह्या आधीच्यात अंगठा वर हाय. ह्यात बाजूला गेलाय. काठी खाली टेकल्यावर गेलाय. म्हंजे ती खाली पोचल्यावर पिळती."

शिवलीला एकदम उठून उभी राहिली. "अव्वा!" तिनं हाक मारली. काशम्मा स्वयंपाकघरातून आल्या. "अव्वा, मुसळ खाली पडल्यावर तू ते रगडायचीस?"

काशम्मांनी रिकाम्या हातानं हवेत एकदा कुटून बघितलं. मनगट आपोआप फिरलं. त्या स्वतःच्याच हाताकडं बघत राहिल्या. "व्हय की," त्या म्हणाल्या. "रगडतंय बघ ते."

शिवलीलाच्या यंत्रात उखळ फिरायचं, पण मुसळ वर असताना. रगडणं होतच नव्हतं. आता तिनं एवढंच केलं, की मुसळ खाली टेकलेलं असतानाच उखळ फिरेल असं चाक बसवलं. पुढच्या सुट्टीला चटणी कुटायला घेतली तेव्हा मी तिथं होते. ठप्, आणि मागोमाग एक बारीक खर्र असा आवाज. ठप्, खर्र. बघता बघता कुटाचा रंग गडद होत गेला, मग कडेनं चकाकी आली, आणि मग तेलाचा वास सगळ्या खोलीत पसरला. सयाजीनं टाळीच वाजवली. ईश्वरप्पा तर बोटावर चटणी घेऊन गल्लीत दाखवायला निघाले होते.

काशम्मांनी चाखली. सगळे त्यांच्याकडं बघत होते. "चांगली हाय," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर त्या यंत्राजवळ फिरकल्या नाहीत. शिवलीला कामावर जायची, यंत्र तसंच पडून राहायचं. एकदा तिनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं मशीन हाय की आता. तुमी बापलेकींनी करा. मी कशाला?"

ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्यांनाच ते नको होतं. शिवलीला मला म्हणाली, "अव्वाचा हात मी काढून घेतला असं तिला वाटतंय. आणि तिचं चुकतंय असंही मला म्हणता येईना."

हा गुंता सोडवला शेजारच्या ईरम्मांनी, आणि तोही नकळत. ईरम्मा दोन घरं सोडून राहायच्या, त्याही चटणी कुटून विकायच्या, आणि त्यांचेही हात भरून यायला लागले होते. एका दुपारी त्या सरळ आत आल्या आणि यंत्रावर बसल्या. "बघू तरी काय केलंय पोरीनं," म्हणत पायडल मारायला लागल्या. काशम्मा स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या.

"काशम्मा, मीठ कवा घालायचं गं ह्यात?"

"पहिलं न्हाय!" आतून आवाज आला. "तेल दिसल्याबिगर मीठ घालू नको."

"आणि लसूण?"

"अगं तू लसूण पहिलाच टाकलीस का काय?" पिठाच्या हातानंच काशम्मा बाहेर आल्या. "आणि अशी वाकून का बसलीस? कंबर जाईल. हे स्टूलच उंच केलंय ह्या पोरीनं. आणि कडेला चढलेलं कोण सारणार, तुझा नवरा?"

त्या दिवशी संध्याकाळी शिवलीला घरी आली तर आई तिची वाटच बघत होती. स्टूल उंच आहे. पायडल टाचेखाली यायला पाहिजे, बोटांखाली येतंय. कडेला चढलेली चटणी आत सारायला लाकडाचा एक वाकडा चमचा बसव. आवाज फार येतोय, खाली जुन्या चादरीची घडी घाल. आणि मुसळाचं लाकूड बाभळीचं पाहिजे, हे काय आणलंयस. शिवलीला पर्स खांद्याला तशीच ठेवून ऐकत होती. मधेच तिनं पेन्सिल काढली.

"लिहून घे, लिहून घे," काशम्मा म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवर हे काय दिसलं न्हाय."

ईरम्मांचं बघून आणखी बायका यंत्र मागायला लागल्या, आणि आता शिवलीलानं नोकरी सोडली आहे. तिचा निरोपाचा समारंभ कारखान्यातल्या लोकांनीच केला, आणि तिच्या साहेबांनी पहिल्या यंत्रांची ड्रॉइंग तपासून द्यायला स्वतः मदत केली. अक्कलकोट रोडला एक पत्र्याची शेड आहे. तिथं ती, सयाजी आणि दोन बायका मिळून यंत्रं बनवतात. बार्शीच्या एका महिला गटानं नेली, अकलूजहून मागणी आली. तिकडं त्यावर तिळाची आणि जवसाची चटणी कुटतात. त्यासाठी उखळ थोडं वेगळं करावं लागलं. ईरम्मा आणि काशम्मा एका यंत्रावर आळीपाळीनं बसतात. काशम्मांचा खांदा पूर्वीसारखा झाला नाही, पण वेणी त्यांची त्या घालतात. नवीन गट आला की शिकवायला त्याच जातात, आणि पहिला तास नुसतं मीठ कधी घालायचं यावर जातो.

ईश्वरप्पा प्रत्येक यंत्रावर ज्या बाईचं ते असेल तिचं नाव रंगवतात. मराठीत किंवा कन्नडमध्ये, तिला हवं तसं. अक्षराला सावली देतात, कडेला वेलबुट्टी काढतात. एका बाईनं यंत्रावर मोर मागितला तर त्यांनी एवढा मोठा मोर काढला, की तिचं नाव मावायला जागाच राहिली नाही. तलावावर ते अजून जातात, पण आता दोनचार जुने पेंटर मित्र बरोबर असतात आणि त्यांची बडबड काठावरच्या बगळ्यांना उडवून लावते.

शिवलीलाचं डोकं आता दुसऱ्याच गोष्टीत आहे. परवा मी काशम्मांबरोबर शेडवर गेले तर तिथं एक बाई जमिनीवर बसून चादरींच्या कडेचे दोरे गाठवत होती. भराभर, एकसारखी. शिवलीला तिच्यासमोर मांडी घालून बसली होती, हनुवटी हातावर टेकवून. मी आलेले तिला कळलंही नाही. ती बाई कंटाळून शेवटी मला म्हणाली, "ताई, हिला सांगा की काहीतरी. सकाळधरनं नुसती बघत बसलीय माझ्या बोटांकडं."

"बघू दे," काशम्मा बाजूनं म्हणाल्या. "तू गाठ मार."